‘चालू धंदा घ्या, जोखीम शून्य’ : एका संदेशाचा प्रतिवाद

आमच्या यवतमाळकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सारखा फिरतो आहे: दहापैकी नऊ नवे धंदे वर्षभरात बुडतात, म्हणून नव्याच्या नादी न लागता चालू दुकान किंवा नावाजलेली फ्रँचायझी (मोठ्या कंपनीचे नाव वापरून दुकान चालवण्याचा हक्क) घ्यावी; त्यात जोखीम नाही.

हा आकडाच आधी तपासू. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत पहिल्या वर्षी साधारण पाचातला एक व्यवसाय बंद पडतो आणि सुमारे निम्मे पाच वर्षे तग धरतात. ती अमेरिका आहे हे मान्य, पण ‘दहापैकी नऊ, तेही वर्षभरात’ हे तिथेही खरे नाही.

चालू दुकानाचे म्हणाल, तर माझ्या मावसभावाने एक कृषी केंद्र घ्यायचे जवळजवळ ठरवले होते. मालकाने सांगितलेल्या किमतीत उधारीचे येणेही धरलेले होते. वही उघडली तेव्हा पेन्सिलीने लिहिलेली नावे, त्यांपुढे ‘कापूस निघाल्यावर’ एवढाच शेरा, सही एकाचीही नाही आणि कित्येक नोंदी तीन हंगाम जुन्या! शिवाय बियाणे, खते व कीटकनाशके यांचे परवाने जुन्या मालकाच्या नावाचे असल्याने नव्याने काढावे लागतात, आणि कीटकनाशकांच्या परवान्याला ठरावीक शिक्षणाची अट आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार तर हस्तांतरणापूर्वीच्या थकीत कराला घेणाराही विकणाऱ्याइतकाच जबाबदार ठरतो.

फ्रँचायझीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. सारी भिस्त करारावर, म्हणजे १८७२ च्या करार कायद्यावर. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्यासाठी कंपनीला द्यायचा हिस्सा, बहुधा विक्रीवर असते, नफ्यावर नव्हे, त्यामुळे श्रावणात गावचा पैसा पऱ्हाटीत (कपाशीच्या पिकात) अडकलेला असताना तोटा सोसूनही ती भरावी लागते.

नव्या दुकानाला गिऱ्हाईक जमायला वेळ लागतो, हे संदेशातले म्हणणे मात्र खरे आहे. परंतु पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे ग्रामीण भागातले २५ ते ३५ टक्के अनुदान नव्या उद्योगालाच मिळते, विकत घेतलेल्या जुन्या दुकानाला नाही. अर्थात तेही हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षे अडकून राहते, आणि तेवढ्यात धंदा बंद पडला तर ते गेलेच समजावे.

मावसभावाने शेवटी उधारीची वही मालकाकडेच ठेवली, मोजून दिलेला माल आणि रॅक तेवढे घेतले व भाडेकरार स्वतःच्या नावाने केला.