५५ पौंड म्हणजे ५५ हॉर्सपॉवर नव्हे

सांगली जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या भिलवडीच्या माझ्या मामेभावाने परवा एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "दादा, गावच्या नावेसाठी वर्गणी काढू का?" संदेश असा : ‘१२ व्होल्टची ५५ पौंडी ट्रोलिंग मोटर म्हणजे ५५ हॉर्सपॉवर, कोणत्याही नावेला लावा, कृष्णेच्या पुरातही प्रवाहाविरुद्ध जाते, गाडीच्या बॅटरीवर दिवसभर चालते, जलपर्णीत अडकत नाही, आवाज नाही, धूर नाही.’ ट्रोलिंग मोटर म्हणजे नावेला लावायची, बॅटरीवर चालणारी छोटी विजेची मोटर. आठवडाभरात हा मजकूर मला चौथ्यांदा आला आहे; मात्र या वेळी त्याच्या भरवशावर माणसे पाण्यात उतरणार असल्याने उत्तर देणे भाग आहे.

हॉर्सपॉवरचा दावा निव्वळ हास्यास्पद आहे. पौंड हे इथे रेट्याचे, म्हणजे नाव पुढे ढकलणाऱ्या जोराचे माप आहे; ५५ पौंड म्हणजे सुमारे २५ किलोचा रेटा. अशी मोटर पूर्ण जोरात साधारण ५० अँपिअर वीज ओढते, म्हणजे १२ व्होल्टवर ६०० वॅट, आणि एक हॉर्सपॉवर ७४६ वॅटचा असतो. विहिरीवर ५ हॉर्सपॉवरची मोटर रोज चालवणाऱ्यांनी हा आकडा डोळे झाकून पुढे पाठवावा, याचेच नवल वाटते.

खरा धोका पुराच्या वाक्यात आहे. मिन कोटा या अशा मोटरी बनवणाऱ्या जुन्या अमेरिकन कंपनीचा ठोकताळा असा, की माणसांसह नावेच्या दर १०० पौंड वजनामागे निदान २ पौंड रेटा हवा, आणि वारा किंवा प्रवाह जोराचा असेल तर त्याहून अधिक. ४०० किलोची नाव आणि सहा माणसे धरली तर वजन ८०० किलोच्या, म्हणजे सुमारे १,७५० पौंडांच्या घरात जाते. त्याला ३५ पौंड पुरतात, म्हणून ५५ भरपूर वाटतात. फसगत इथेच होते, कारण हा हिशेब संथ पाण्याचा आहे. या मोटरींच्या पंख्याची घडणच मंद गतीची असल्यामुळे त्या ताशी ८ किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाहीत, आणि भरलेली नाव तेवढेही गाठत नाही. गेल्या जूनमध्ये, पूर नसताना, औदुंबरच्या घाटालगत मी एक करवंटी पाण्यात सोडून पाहिली : २० मीटर अंतर तिने १६ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर, आणि तेही काठाला, जिथे ओढ सर्वांत कमी असते. मधल्या धारेत पुराने हा वेग नुसता दुप्पट केला, तरी मोटर पूर्ण जोरात फिरत असताना नाव मागे, सांगलीच्या दिशेनेच सरकत राहील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला भरगच्च नाव उलटून माणसे गेली, ते गाव भिलवडीपासून किती लांब आहे?

गाडीची बॅटरी इंजिनला क्षणभर झटका देण्यासाठी असते. ४० अँपिअर-तासांची बॅटरी या मोटरला पूर्ण जोरात पाऊण तासही पुरणार नाही. जलपर्णीबद्दल काय बोलावे, तिचे देठ पंख्याला गुंडाळतातच.

आवाज आणि धूर नाही, हे मात्र खरे आहे. धोमच्या किंवा कोयनेच्या जलाशयावर जाळी टाकणाऱ्याने ही मोटर जरूर घ्यावी. उन्हाळ्यातल्या नदीच्या साध्या ओढीसाठी २४ व्होल्टची, ८० पौंडांच्या आसपासची, दोन डीप-सायकल, म्हणजे बराच वेळ सलग वीज देणाऱ्या बॅटऱ्यांसह घ्यावी. पुरासाठी बचाव पथके पेट्रोलवरची आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून बसवायची इंजिने वापरतात, ती उगीच नव्हे.

संदेशासोबतचा व्हिडिओ मामेभावाने पुन्हा नीट पाहावा : नावेमागच्या झाडांचे प्रतिबिंब पाण्यात जराही हललेले नाही, म्हणजे ते पाणी पुराचे नव्हे, संथ आहे.