'अलिजन्स' : गाणी ठीक, पण खरं नाटक त्या फॉर्ममधे आहे

जॉर्ज टाकेईचं 'अलिजन्स' हे अमेरिकन संगीत नाटक बघितलं शेवटी, रेकॉर्डिंग. टाकेई म्हणजे 'स्टार ट्रेक'मधला सुलू. हा माणूस पाच वर्षांचा असताना घरच्यांसकट कॅलिफोर्नियातून उचलून आर्कन्सॉच्या छावणीत नेऊन टाकलेला, गुन्हा काय तर वंश जपानी. जपानशी युद्ध सुरू होतं, फेब्रुवारी 1942 मधे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी हुकुमावर सही केली आणि जवळपास 1,20,000 माणसं आत, त्यातले दोन तृतीयांश तर अमेरिकेचेच नागरिक!

नाटकातलं किमुरा कुटुंब सलिनासचं, त्यांची रवानगी वायोमिंगच्या हार्ट माउंटनला. असल्या विषयावर गाणी कसली म्हणून काहींनी नाकं मुरडली, पण निदान आपण मराठी लोकांनी तरी हे बोलू नये, आपली सुभद्रा शोकसुद्धा सुरात करते.

माझी तक्रार वेगळीच आहे. छावणीतली नर्स झटापटीत गोळी लागून मरते, कशाला? सगळ्यात भयंकर गोष्ट तर त्यांच्या हातात आयतीच होती, सरकारी फॉर्म. 1943 ला छावणीतल्या सज्ञान माणसांना प्रश्नावली दिली, 27वा प्रश्न सैन्यात लढणार का आणि 28वा अमेरिकेशी निष्ठा ठेवून जपानच्या सम्राटाशी नातं तोडणार का. आता जपानहून आलेल्या पिढीला अमेरिकेचं नागरिकत्व कायद्यानेच मिळत नव्हतं, म्हणजे 'हो' लिहिलं की ना हा देश ना तो. बाप 'नाही' लिहितो, पोरगा सॅमी 442व्या रेजिमेंटमधे (जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांची तुकडी) लढायला जातो, आणि बहिणीचं ज्याच्यावर प्रेम तो फ्रँकी भरतीला नकार देतो. एका घराची तीन शकलं, तीही कागदावरच्या दोन ओळींमुळे. इथे नाटक अंगावर येतं (आणि बहिणीचं काम करणाऱ्या लेआ सलोंगाचा आवाज, काय बोलायचं!). फ्रँकी हवेतून आलेला नाही, 1944 मधे हार्ट माउंटनच्या 63 जणांना खरोखर तुरुंगवास झाला, त्यांचं म्हणणं इतकंच की आधी आमचे हक्क परत द्या, आमच्या माणसांना सोडा, मग लढतो. चुकलं काय त्यांचं?

1988 ला अमेरिकेने माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी 20,000 डॉलर दिले. उशिरा का होईना.

आणि 'तिकडे असं होतं' म्हणून मान हलवण्याआधी, 1962 च्या युद्धात आपणही आसाम, दार्जिलिंगकडच्या जवळपास 3,000 चिनी वंशाच्या लोकांना ट्रेनमधे भरून राजस्थानात देवलीला डांबलं होतं, पोराबाळांसकट, आणि त्यातले कितीतरी इथेच जन्मलेले. माफी नाही, भरपाई नाही. शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी दिसलं नाही, तुमच्यापैकी कुणाला दिसलं असेल तर सांगा.