प्रसादाला नाही म्हणू नये

सत्यनारायणाच्या कथेत दोन माणसं प्रसादाकडे पाठ फिरवतात आणि दोघांचीही वाट लागते. चौथ्या अध्यायात कलावती नवऱ्याची नौका आल्याचं ऐकून प्रसाद न घेताच धावत सुटते, आणि नौका नवऱ्यासकट गडप होते. पाचव्यात तुंगध्वज राजा रानात गवळ्यांनी दिलेला प्रसाद तसाच टाकून निघून जातो. त्याचे शंभर मुलगे आणि धनधान्य सगळं नष्ट. ही कथा मी उभा जन्म सांगत आलोय. आवाज कुठे चढवायचा, नौका बुडाल्यावर किती वेळ गप्प राहायचं, मोबाइल चाळणाऱ्या जावयाकडे नेमकं कधी बघायचं, सगळं अंगवळणी पडलंय. श्रोते घाबरतात. मग आरती होते, शिऱ्याचे द्रोण येतात, आणि पहिला द्रोण माझ्यासमोर धरून यजमानीणबाई म्हणतात, "घ्या गुरुजी."

आणि मला मधुमेह आहे.

शिराही साधा नाही, सव्वाच्या मापाचा. रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा, वर दूध आणि केळं. कथेत पर्याय दिलेले आहेत, नाही असं नाही. गव्हाचा रवा नसेल तर तांदळाचं पीठ चालेल, साखर नसेल तर गूळ चालेल. म्हणजे नारायणानं सवलत दिली तीसुद्धा साखर वाढवणारीच. एका घरच्या सुनेनं माझी अडचण ओळखून बिनसाखरेच्या गोळ्या घालून वेगळा वाटीभर शिरा केला होता. तिच्या आजेसासूबाईंनी तो नैवेद्याच्या ताटाशेजारून उचलून थेट ओट्यावर नेऊन ठेवला. म्हणाल्या, "देवाला काय डायबिटीस आहे?"

माझा डॉक्टर वयानं लहान. त्याची मुंज मीच लावली होती, त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करतो आणि तो मला अहो-जाहो करत रागावतो. त्याच्याकडे जाऊन मी विचारलं, उपाशीपोटीचा साखरेचा आकडा १२६ किंवा त्याच्या वर गेला तर मधुमेह म्हणतात ना, मग तपासणीच्या आधी चार दिवस पथ्य केलं की झालं. तो हसला आणि त्यानं दुसरीच तपासणी लिहून दिली. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि साखर त्यांना चिकटून बसते, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांत काय काय खाल्लं त्याची सरासरी तिथे दिसते. साखर चिकटल्याचं प्रमाण साडेसहा टक्के किंवा त्याच्या वर असेल तर मधुमेह. मी इतकी वर्षं लोकांना चित्रगुप्ताची वही सांगतोय, ती अशी बोट टोचून वाचता येते हे मला माहीत नव्हतं. आता आमची घासाघीस तारखेवर चालते. तो म्हणतो आश्विनात या, मी म्हणतो मार्गशीर्षात येतो. श्रावण, भाद्रपद हिशेबात धरायचे म्हणजे शाळामास्तरला मे महिन्याची हजेरी मागण्यातला प्रकार आहे.

ॲलोपथीनं ऐकलं नाही म्हणून आयुर्वेदाकडे गेलो. वाटलं, संस्कृतात आपल्याला कोणीतरी समजून घेईल. चरकानं प्रमेहाची, म्हणजे ज्यात मधुमेह येतो त्या रोगाची, कारणं एका श्लोकात सांगितली आहेत: 'आस्यासुखं स्वप्नसुखं दधीनि ग्राम्यौदकानूपरसाः पयांसि । नवान्नपानं गुडवैकृतं च प्रमेहहेतुः कफकृच्च सर्वम् ॥' बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, दूध, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. मधले मांसरस तेवढे वगळले तर बाकीची आमच्या धंद्याची यादी आहे. पाटावर बसायचं, पंचामृत घ्यायचं, शिध्यात नवे तांदूळ, पानात पुरणपोळी. राहिलं झोपेचं सुख, ते दुपारच्या भरपेट भोजनानंतर आपोआप येतं. दोन हजार वर्षांपूर्वी त्या माणसाच्या समोर कुठला गुरुजी तपासायला बसला होता कोण जाणे, पण निदान चोख आहे.

"प्रसादानं काही होत नाही हो!" हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं. म्हणणाऱ्याची श्रद्धा खरी असते, त्यामुळे वादही घालता येत नाही. बरं, मी स्वतः तीर्थ देताना काय म्हणतो? 'अकालमृत्युहरणं सर्वव्याधिविनाशनम्.' सर्व व्याधींचा नाश करणारं म्हणून जे पळीपळीनं वाटतो, त्यात दूध, दही, तूप, मध आणि साखर असते. सगळ्यांना देऊन झाल्यावर मीही एक पळी घेतो. 'सर्वव्याधि' म्हणताना हल्ली आवाज जरा खाली येतो.

नारायण खरोखरच शिऱ्यासाठी नौका बुडवतो असं मला वाटतं का? नाही वाटत. माझा देव इतका चिडका नाही. तुंगध्वजाची गोष्ट मी पुनःपुन्हा सांगितल्यामुळे मला तिचा एक अर्थ लागलाय. राजाला भूक नव्हती किंवा पथ्य होतं असं कथेत कुठेच नाही. गवळ्यांच्या हातचं कसं खायचं, हा त्याचा माज होता. रानात झाडाखाली बसलेल्या साध्या माणसांनी प्रेमानं पुढे केलेलं त्यानं तिथंच टाकलं, त्याची ती शिक्षा. शिऱ्याचा त्यात दोष नाही, राजाच्या नाकाचा आहे. हा अर्थ मला फार आवडतो. मी तो कथेत सांगतोही. पण द्रोण घेऊन उभ्या असलेल्या काकूंना तो ऐकवला तर त्या म्हणतात, "मग घ्या ना, आमच्या हातचं चालत नाही का?"

पितृपक्ष तर विचारू नका. श्राद्धाच्या ब्राह्मणाला पितरांच्या जागी बसवतात, आणि जेवताना त्यानं मौन पाळायचं असतं. अन्नाचं कौतुक करायचं नाही, नावं ठेवायची नाहीत. म्हणजे मला मधुमेह आहे हेही सांगायचं नाही. परवाच्या एका घरात मी यजमानांच्या वडिलांच्या जागी बसलो होतो. पानात वडे, खीर, भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी, इथवर शास्त्राप्रमाणे होतं. मग आतून जिलब्यांचं ताट आलं. यजमानांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "बाबांना जिलबी जीव की प्राण. पण शेवटची दहा वर्षं शुगरमुळे आम्ही त्यांना एकही दिली नाही. आज पोटभर वाढायची."

मी हात आडवा केला. त्यांना वाटलं बाबा संकोच करतायत. त्यांनी दोन वाढल्या. मी मान जोरात हलवली. मागून आजींचा आवाज आला, "अगदी हेच असेच मान हलवायचे हो, आणि मग चार खायचे!" झालं. आणखी दोन. आता मी तिथं खाल्ली नाही तर एक मेलेला माणूस पुन्हा उपाशी राहणार, आणि खाल्ली तर त्याच रोगानं दुसरा जाणार. जेवण संपल्यावर विधीनुसार विचारतात, 'तृप्ताः स्थ?' उत्तर ठरलेलं, 'तृप्ताः स्मः.' वाक्य बहुवचनी आहे, त्यामुळे बाबांच्या वतीनं मी ते अगदी मनापासून म्हटलं.

शास्त्रात सुटका नाही असंही नाही. एकादशीला श्राद्ध आलं तर करणाऱ्याचा उपवास असतो, त्यानं अन्नाचा नुसता वास घ्यावा, खाल्ल्याचं फळ मिळतं. त्याला अवघ्राण म्हणतात. मी ही सोय मोदकांना लावून पाहिली. उकडीचा मोदक नाकाशी नेला, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. गूळ, खोबरं, वेलची, वरून तूप. डोळे उघडले तेव्हा मोदक हातात नव्हता. कुठे गेला ते मी विचारलं नाही.

गोडाशी माझं इतकं वैर, आणि एके दिवशी नेमकी साखरच हवी झाली. गणेश चतुर्थी होती. पहाटे गोळी घेऊन निघालो. एकेका घरी पूजा सांगत पेठांतून स्कूटर हाकत होतो. प्रत्येकाला मुहूर्त साधायचा, खायला फुरसत नाही. एका घरी प्राणप्रतिष्ठा झाली आणि माझे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम, डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरनं पढवून ठेवलेलं आठवत होतं: साखर उतरली की लगेच पंधरा ग्रॅम साखर तोंडात टाका, पंधरा मिनिटं थांबा. समोर केळीच्या पानावर एकवीस मोदक. पण नैवेद्य झालेला नाही! गणपतीच्या आधी गुरुजींनी मोदक खाल्ला, ही बातमी पेठेत किती वेळ टिकते याची मला कल्पना आहे.

मग मला पंचामृताची तबकडी दिसली. पाच वाट्या, पाचवी साखरेची. पण क्रम ठरलेला. पयःस्नान, दधिस्नान, घृतस्नान, मधुस्नान, शेवटी शर्करा. मातीची मूर्ती, त्यामुळे सगळं फुलानं शिंपडायचं. दूध झालं, दही झालं. तूप हातून सांडलं. माझं मंत्र म्हणणं अडखळायला लागलं, अंग हलायला लागलं, आणि पाठीमागे कुजबूज सुरू झाली. कोणीतरी हात जोडून हळूच म्हणालं, "आलंय." घरातल्या थोरल्या वहिनी पुढे आल्या, पदर डोक्यावर घेतला आणि मला नमस्कार करून म्हणाल्या, "धाकट्याचं लग्न कधी जमेल?"

"दिवाळीनंतर," मी म्हटलं. तेवढंच बोलण्याचं त्राण होतं.

मधुस्नान उरकलं. 'शर्करास्नानं समर्पयामि' म्हणून चार दाणे देवाला वाहिले आणि उरलेली वाटी तशीच तोंडात उपडी केली. घरभर शांतता. पंधरा मिनिटं मी डोळे मिटून बसलो, ते ध्यान समजलं गेलं.

धाकट्याचं लग्न त्या मार्गशीर्षात झालं. त्यामुळे आता त्या घरात दर चतुर्थीला शर्करास्नानाला सगळे हात जोडून उभे राहतात आणि गुरुजींना चांदीच्या वाटीतून साखर देतात. नव्या सुनेला सासूबाई सांगत होत्या, "आपल्याकडची पद्धत आहे, फार जुनी." साखर बरोबर असेल त्या दिवशी ती वाटी माझी परीक्षा बघते. इतर घरांतले कुलाचार कसे सुरू झाले असतील, हा विचार मी तेव्हापासून फारसा करत नाही.

डॉक्टरनं चालायला सांगितलंय. संध्याकाळी तळजाईच्या टेकडीवर जातो, गळ्यात दुर्बीण असते. आकाश बघण्याचा नाद मला पंचांगामुळेच लागला. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी, हे पाठ होतंच. ते वर खरोखर घडताना दिसतं, याचं सुख वेगळंच आहे. चांगल्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्रही दिसतात, हात तेवढा स्थिर हवा. माझे यजमान 'गुरू वक्री आहे' म्हणून घाबरून फोन करतात. मी सांगतो, अहो, तो मागे जात नाही, आपली पृथ्वी आतल्या वाटेनं त्याला गाठून पुढे जाते म्हणून तसा भास होतो, दर तेरा महिन्यांनी चारेक महिने हे चालायचंच. ते ऐकून घेतात आणि विचारतात, "मग शांत कधी करायची?" डॉक्टरचं म्हणणं वेगळं. चालताना थांबायचं नाही, आणि दुर्बीण लावली की थांबावं लागतं. शनी तेवढा मी घरच्या गच्चीवरून बघतो.

याच डॉक्टरनं गेल्या महिन्यात नवा दवाखाना घेतला आणि वास्तूत सत्यनारायण ठेवला. पूजा सांगायला अर्थात मी. कथा रंगली. भिंतीवर स्वादुपिंडाचं मोठं चित्र लावलेलं, त्याच्या खाली चौरंग. नौका बुडाली तेव्हा औषध कंपन्यांचे दोन तरुण प्रतिनिधीसुद्धा कावरेबावरे झाले. आरतीनंतर डॉक्टरची आई द्रोण घेऊन आली.

डॉक्टर पुढे झाला. "आई, गुरुजींना नको."

"तू गप्प बस. आत्ताच सांगितलं ना त्यांनी तुंगध्वजाचं काय झालं ते?"

"अगं, त्यांची शुगर..."

"प्रसादानं काही होत नाही," माउली म्हणाली, "आणि झालं तर तू आहेस की."

मी डॉक्टरकडे पाहिलं. त्यानं चिमटीत मावेल एवढं माप बोटांनी दाखवलं. आईनं ते पाहिलं आणि वर आणखी एक चमचा वाढला. मी खाल्ला. केळं चांगलं पिकलेलं होतं.

दक्षिणेचं पाकीट घरी येऊन उघडलं. रक्कम भरघोस, वर शकुनाचा एक रुपया. आणि मागे घडी केलेली तपासणीची चिठ्ठी, त्यावर डॉक्टरच्या अक्षरात: 'पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. उपाशीपोटी. पैसे भरलेले आहेत.'

पौर्णिमेला माझ्याकडे पाच सत्यनारायण आहेत. माझ्या पंचांगातलं बघूनच त्यानं ही तारीख काढलेली दिसते.