शंभर फुटबॉल पाठवायचे की नाही?

सूचना छोटूची होती. सगळ्यांनी मिळून शंभर फुटबॉल घ्यायचे आणि नैरोबीतल्या मथारे या झोपडपट्टीतल्या मुलांना पाठवायचे. सूचना मनापासूनची होती, पण कट्ट्यावर तेव्हा बसलेले चौघे या विषयात मुरलेले. मास्तर शाळेत खेळ शिकवतात, ताई मुलींचे संघ बांधतात, डॉक्टर सार्वजनिक आरोग्यात आहेत आणि बापू संस्थांचे हिशेब तपासतो. त्यामुळे चांगले दोन तास वाद रंगला. आठवतो तसा उतरवून ठेवतोय.

बापूने सुरुवातीलाच मोडता घातला. "चेंडू इथून पाठवू नकोस. विमानाचं भाडं आणि तिथली जकात धरली तर चेंडू महागात पडेल. नैरोबीत चेंडू विकत मिळतात. गिकोंबाच्या बाजारात जुने बूट ढिगाने असतात. जुन्या कपड्यालत्त्याला तिकडे मितुंबा म्हणतात, मोठा धंदा आहे तो."

"मग तिथे कमी कशाची आहे?"

"पंपाच्या सुईची," मास्तर म्हणाले, आणि ते गंमत करत नव्हते. "मैदान मुरमाचं. तिकडेही त्या मातीला मरम म्हणतात. असल्या जमिनीवर शिवलेला चेंडू आधी शिवणीवर झिजतो. त्यात कोणीतरी तो दगडासारखा टणक फुगवतो, म्हणजे शिवण आणखी ताणली जाते. नियमात हवेचा दाब ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर चालतो. मुरमावर खेळायचं तर खालच्या टोकाशी ठेवायचा. आणि सुई कोरडी घुसवायची नाही. ग्लिसरीनचा एक थेंब लावायचा आणि सरळ, हलक्या हाताने फिरवत आत घालायची. कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर आतून फाडते. मग सकाळी फुगवलेला चेंडू दुपारी मऊ. वरचं आवरण धड दिसतं, त्यामुळे बिघडलंय काय ते कुणाच्या लक्षात येत नाही आणि चेंडू कोपऱ्यात पडून राहतो. दहा चेंडूंमागे एक पंप, डझनभर सुया आणि ग्लिसरीनची एक बाटली हवीच. शिवाय लोक सरसकट पाच नंबरचे चेंडू पाठवतात. दहा-अकरा वर्षांच्या पोराला चार नंबरचा लागतो."

ताई म्हणाल्या, "मास्तर, तुमचं चेंडूचं शास्त्र बरोबर आहे, पण मथारेत हे सगळं विकतच्या चेंडूवर सुरूच झालं नव्हतं. पोरं जुआलाने खेळत होती. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा करायचा, सुतळीने आवळायचा, तोच चेंडू. १९८७ मध्ये बॉब मन्रो नावाच्या कॅनेडियन माणसाने तिथे मथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन सुरू केली. तिला मायसा म्हणतात. त्याची पोरांना अट एकच होती. तुम्ही काही केलंत तर मी काही करेन, तुम्ही काही केलं नाहीत तर मीही नाही. पोरांनी वस्ती साफ करायची आणि त्याने लीग चालवायची."

इथून खरा वाद पेटला.

मास्तरांच्या मते मायसाची सगळी करामत गुणतक्त्यात आहे. सामना जिंकला की गुण मिळतात तसे वस्तीची सफाई केली की संघाला सहा गुण मिळतात, म्हणजे दोन विजयांइतके. "पोराला स्वच्छतेवर भाषण दिलंत तर ते जांभया देईल. तेच तक्त्यात घाला, मग बघा. कर्णधार शनिवारी सकाळी घरोघर जाऊन पोरं उठवतो. मैदानावर मार खाणारा संघही तक्त्यात वर येऊ शकतो. हरणाऱ्या पोराला खेळात टिकवून ठेवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. नाहीतर चौथ्या पराभवानंतर संघ फुटतो आणि सगळ्यात कमकुवत पोरं सगळ्यात आधी बाहेर पडतात. ज्यांच्यासाठी आपण हे करतो, तीच."

डॉक्टरांचा चेहरा तोवर ताठ झाला होता. "मास्तर, तुम्ही कशाची सफाई म्हणताय ते डोळ्यांसमोर आणा. नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत संडास कमी, त्यामुळे लोक पिशवीत विधी उरकतात आणि पिशवी फेकून देतात. ती गटारात जाते. त्याच गटारात फुटक्या काचा असतात, इंजेक्शनच्या सुया असतात, उंदरांचं मूत असतं. तिथे दहा वर्षांचं पोर उघड्या हातांनी उतरवायचं आणि त्याला गुण द्यायचे? धनुर्वात, लेप्टोस्पायरोसिस, पटकी, तिन्ही आजार तिथेच आहेत. महापालिकेचं काम फुकटात लहान मुलांकडून करून घेणं, एवढाच याचा अर्थ मला लागतो."

"महापालिका येत नाही म्हणून तर पोरं उतरली," मास्तर म्हणाले.

"ती येत नाही, ही मोठ्या माणसांची चूक. तिची किंमत पोरांनी का मोजायची?"

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. डॉक्टरांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. मग ताईंनी तो व्यवहारात आणला. "सफाई ठेवायची तर अटींवर. चौदाच्या खालच्या मुलांनी गटारात पाय घालायचा नाही, त्यांनी गल्ली झाडायची आणि कोरडा कचरा भरायचा. मोठ्यांनी गमबूट, रबरी हातमोजे, लांब दांड्याचा फावडा आणि दाताळं घेऊन उतरायचं. इंजेक्शनची सुई दिसली की हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची, त्याने ती चिमट्याने उचलून पत्र्याच्या डब्यात टाकायची. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी. साबण आणि पाणी मैदानावर नाही, सफाईच्या जागी. आणि दीड तासाच्या वर काम नाही."

"आणि ढीग?" बापूने विचारलं. "ही कामं तिथेच फसतात. पोरं गटारातला गाळ उपसून काठावर रचतात, फोटो निघतात, गुण मिळतात. ढीग उचलायला गाडी येत नाही. नैरोबीत मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. पहिल्या जोरदार सरीत तो ढीग परत गटारात. पुढच्या वेळी पोरं येत नाहीत, कारण त्यांना कळलेलं असतं की हे काम खोटं आहे. म्हणून आधी गाडी ठरवायची, मग सफाईची तारीख. गाडी नसेल त्या आठवड्यात सफाई नाही."

गुण कोण देणार यावरही बापू आग्रही होता. प्रशिक्षकाने आपल्याच संघाला द्यायचे नाहीत. शेजारच्या संघाच्या कर्णधाराने उभं राहून हजेरी मोजायची, पंधरापैकी निदान दहा जण शेवटपर्यंत होते का ते पाहायचं आणि सही करायची. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात असा अधिकार दिला की पहिल्या महिन्यात भांडणं होतात. होऊ द्यायची. तक्रार ऐकायला पोरांचीच समिती ठेवायची. खेळातून शिक्षण म्हणतात ते बहुतेक या भांडणांतच होतं, असं मास्तर म्हणाले आणि डॉक्टरांनीही मान डोलावली.

छोटूने मधेच विचारलं, "पण शाळेचं काय? शिक्षण म्हणजे शाळाच ना?"

हे बापूचं क्षेत्र. केनियात जानेवारी २००३ पासून सरकारी प्राथमिक शाळेची फी माफ झाली, पण माध्यमिकला खर्च येतोच. मायसात पोरं लहान संघांना शिकवतात, पंचगिरी करतात, आरोग्याची माहिती देतात. त्या कामाचे गुण साठतात आणि ज्यांचे जास्त, त्यांची फी भरली जाते. ती थेट शाळेला जाते, पोराच्या हातात नाही. "यात अविश्वास नाही," बापू म्हणाला. "घरात आजारपण असेल, भाडं थकलं असेल तर आई तो पैसा तिकडेच वळवणार. तिच्या जागी कुणीही तेच करेल. थेट भरल्याने तिच्यावर ती वेळच येत नाही. पण फी उशिरा पोचली तर सगळं वाया. सत्र सुरू झालं, फी नाही, की पोराला घरी पाठवतात. दोन आठवडे बुडाले की ते गणितात मागे पडतं आणि परत जायला लाजतं. तिथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं. म्हणजे देणगीदाराचा धनादेश मार्चअखेर निघत असेल तर काय उपयोग? आणि फीबरोबर गणवेश, बूट, परीक्षेचा खर्च धरायचा. बूट नाहीत म्हणून वर्गाबाहेर उभी राहिलेली मुलगी फी भरलेली असूनही शाळेबाहेरच असते."

मुलींचा विषय निघाला तसा ताईंचा आवाज बदलला. मायसात मुलींचा फुटबॉल १९९२ मध्ये सुरू झाला, म्हणजे मुलांनंतर पाच वर्षांनी. "पाच वर्षं का लागली? मुलींना आवडत नव्हता म्हणून नाही. वेळापत्रक मुलांच्या सोयीचं होतं. शाळा चारच्या सुमारास सुटते. मुलीने आधी पाणी भरायचं, धाकट्याला सांभाळायचं, चूल पेटवायची. नैरोबी विषुववृत्ताजवळ, बाराही महिने साडेसहाच्या आसपास अंधार पडतो, उन्हाळ्यातला लांब दिवस नावाची चीज नाही. मग तिच्या हाती उरतं काय? पाऊण तास, तोही अंधाराच्या तोंडावर. सराव पाचला ठेवलात तर अर्ध्या मुली येऊच शकत नाहीत, आणि वर तुम्ही लिहिता की मुलींचा प्रतिसाद कमी."

त्यांच्या मते आधी आयांना जाऊन भेटायचं, घरची कामं कधी संपतात ते विचारायचं आणि मग वेळ ठरवायची. शनिवारची सकाळ बहुधा चांगली. धाकट्या भावंडाला मैदानावर आणायला परवानगी द्यायची, कडेला चटई टाकायची, एका मोठ्या मुलीला सांभाळायला बसवायचं आणि त्या कामाचेही गुण तिला द्यायचे. घरी परतताना गटाने जायचं, शेवटच्या दारापर्यंत. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफीला मूव्हिंग द गोलपोस्ट्स ही संस्था मुलींसाठीच फुटबॉल चालवते. तिथे प्रशिक्षक, पंच, आयोजक मुलीच असतात. सॅनिटरी पॅडही तिथे कामाचाच भाग धरतात. "महिन्यातले चार दिवस मुलगी येत नसेल तर तिला शिस्त नाही असं म्हणू नका. पॅड द्या आणि मैदानाजवळ आतून कडी लागणारा संडास शोधा. नुसते पॅड देऊन भागत नाही, बदलायला जागा लागते."

आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. प्रशिक्षकाने एकट्या मुलीला किंवा मुलाला एकटं घरी बोलवायचं नाही, बुटांचं आमिष दाखवायचं नाही. दोन मोठी माणसं नेहमी समोर हवीत, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षकाच्या हाताखालची नको. चेंडू आणि बूट ज्याच्या हातात, त्याची गरीब पोरावर फार मोठी सत्ता असते.

डॉक्टरांनी मग झिंबाब्वेची गोष्ट काढली. टॉमी क्लार्क बुलावायोत फुटबॉल खेळून गेलेला, पुढे बालरोगतज्ज्ञ झाला. २००२ मध्ये त्याने मित्रांबरोबर ग्रासरूट सॉकर सुरू केलं. फुटबॉलपटूंकडून मुलांना एचआयव्हीची माहिती द्यायची, ही कल्पना. त्यांचा एक खेळ डॉक्टरांनी कट्ट्यावरच मांडून दाखवला. दोन रांगा समोरासमोर, खांद्याला खांदा लावून. एका रांगेने टेनिसचा चेंडू पाठीमागून हातोहात सरकवायचा. शिट्टी झाली की थांबायचं. समोरच्यांनी चेहरे बघून ओळखायचं, चेंडू कुणाकडे. बहुतेक वेळा चुकतं. दोन-तीन डाव झाले की प्रशिक्षक सांगतो, हा चेंडू म्हणजे विषाणू. चेहऱ्यावरून कळलं का? नाही ना, मग कळणार तपासणीनेच.

"आणि बिघडतं ते इथेच," डॉक्टर म्हणाले. "कच्चा प्रशिक्षक असला की चेंडू सापडलेल्या पोरावर सगळे हसतात, 'हा पकडला गेला' म्हणतात. त्या वीस मुलांत एखादं जन्मापासून विषाणू घेऊन जगणारं असू शकतं. त्याने काय ऐकलं? म्हणून हसू फुटायच्या आत पुढचं वाक्य यायला हवं. चेंडू हातात असलेला खेळाडू तुमच्याच संघातला आहे, तो रोज गोळी घेतो, विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दाबला गेला की लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, आणि तो तुमच्याइतकाच पळतो. खेळ पाच मिनिटांचा, त्यानंतरचं बोलणं पंधरा मिनिटांचं. घाईत असला की प्रशिक्षक नेमकं बोलणंच कापतो."

मोजमापावर बापूचं मत कडक होतं. सत्राआधी आणि सत्रानंतर प्रश्नपत्रिका भरून घेतली की गुण वाढतातच, उत्तरं नुकतीच ऐकलेली असतात. त्याने वागणं बदललं हे सिद्ध होत नाही. त्यापेक्षा हजेरीवही बघावी. पोर लागोपाठ तीन वेळा आलं नाही की चौथ्या दिवशी कुणी घरी गेलं का, आणि वहीत कारण लिहिलं का? नियमित येणारी पोरं तशीही जरा बऱ्या घरची असतात. न येणाऱ्यांची यादी ज्या संस्थेकडे असते, तिच्यावर तो विश्वास ठेवतो.

छोटूला मोठे खेळाडू घडवण्याबद्दलही विचारायचं होतं. मास्तरांनी ते थोडक्यात आटोपलं. मायसातून १९९४ मध्ये मथारे युनायटेड हा संघ निघाला आणि २००८ मध्ये केनियाची प्रीमियर लीग जिंकला, हे अभिमानाचंच. पण युरोपात नेतो म्हणून घरच्यांची जमीन विकायला लावणारे दलाल आफ्रिकेत मुलांना परक्या शहरात सोडून पळाले आहेत. अठराच्या खालच्या खेळाडूचं देशाबाहेर हस्तांतरण फिफाच्या नियमाने, मोजके अपवाद सोडले तर, बंदच आहे. पहिल्याच पालकसभेत एवढं स्पष्ट सांगायला हवं.

"मग पैसे द्यायचे कशाला?" छोटूने शेवटी विचारलं.

बापू म्हणाला, एका हंगामाचं प्रशिक्षकांचं मानधन. वीस-बावीस वर्षांचं पोर चांगलं शिकवायला लागतं आणि बांधकामावर रोजंदारी मिळाली की निघून जातं. त्याच्याबरोबर वर्षभराचा विश्वासही जातो. ताईंनी पॅड आणि चटई धरली. मास्तर दहा चेंडूंवर अडून राहिले, नैरोबीतच घेतलेले, चार नंबरचे, सुयांसकट. आणि पैसे देण्याआधी कुठलं काम जवळून बघायचं तर नागपूरला जा, असं ते छोटूला म्हणाले. विजय बारसेंनी २००१ मध्ये उभं केलेलं स्लम सॉकर तिथेच आहे, एका रात्रीचा प्रवास.

डॉक्टर मात्र हातमोज्यांवरून हलले नाहीत. छोटूने मोबाइलवर संस्थेला पाठवायचं पत्र लिहायला घेतलं तेव्हा पहिला प्रश्न त्यांनीच सांगितला, "सफाईनंतर ढीग कोण उचलतं, आणि किती दिवसांत?"