सुई कुणाला टोचली होती?

आमच्या लॅबमध्ये किडनीची बायोप्सी, म्हणजे सुईने काढलेला किडनीचा तुकडा, दोन छोट्या बाटल्यांतून येते. आत शेवईच्या तुकड्याएवढं काहीतरी तरंगत असतं, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब. मिरजेत हिस्टोपॅथॉलॉजीला टेक्निशियन म्हणून मला एकोणीस वर्षं झाली, तरी ही बाटली हातात आली की मी बाकीचं काम बाजूला ठेवते. पित्ताशयाचा किंवा अपेंडिक्सचा एखादा काप बिघडला तर दुसरा घेता येतो. इथे आलंय तेवढंच. दोन-तीन मायक्रॉनचे काप कापायचे, चार-पाच रंगांत रंगवायचे, त्यातला चांदीचा रंग जरा जास्त चढला की सगळं काळं. असो, हे आमचं रडगाणं.

आज लिहायला बसले ते एका फॉरवर्डमुळे. ‘भारतीयांच्या किडनीला नेमकं काय होतं, बायोप्सीतून उघड’ अशा धर्तीचं काहीतरी होतं. खाली जोडलेले हात आणि ‘पाणी भरपूर प्या’. मला त्यातल्या आकड्यांशी भांडायचं नाही. पण बायोप्सीचा कुठलाही आकडा वाचताना आधी एक प्रश्न विचारायला हवा. सुई कुणाला टोचली होती?

एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. डॉक्टरी नाव ग्लोमेरुलस, आम्ही लॅबमध्ये नुसतं ‘ग्लोम’ म्हणतो. त्या शेवईत पंधरा-वीस ग्लोम मिळाले तर आम्ही खूश. कधी सुई खोल जाते आणि एकही ग्लोम येत नाही. दहा लाखांतल्या पंधरांवरून निदान कसं करता, असं लोक विचारतात. होतं ते. बरेचसे आजार दोन्ही किडन्यांत सगळीकडे पसरलेले असतात, त्यामुळे शितावरून भाताची परीक्षा चालते. पण एका माणसाबद्दल नाही, अख्ख्या जिल्ह्याबद्दल किंवा देशाबद्दल बोलायचं असेल, तर शीत कुठल्या चुलीवरच्या पातेल्यातून उचललं हे आधी सांगावं लागतं.

आयजीए नेफ्रोपॅथीचं बघा. आयजीए नावाची प्रतिपिंडं ग्लोममध्ये साचून होणारा हा आजार. १९६८ मध्ये पॅरिसमध्ये जाँ बर्जे आणि निकोल आंग्ले यांनी हा आजार पहिल्यांदा दाखवला. बायोप्सी त्याआधीही होत होत्याच. कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी सुईने किडनीचा तुकडा काढायची पद्धत १९५१ मध्येच छापली होती. पण साध्या सूक्ष्मदर्शकात आयजीएचा थर ओळखू येत नाही. त्याला इम्युनोफ्लुरोसन्स लागतं, अंधाऱ्या खोलीत हिरवं चमकतं ते. म्हणून तर दुसरी बाटली. आणि कित्येकदा काय होतं, वॉर्डातलं कुणीतरी घाईत दोन्ही तुकडे फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पहिल्या बाटलीतल्या द्रावणात, टाकून मोकळं होतं. मग ती तपासणी नीट होत नाही. जिथे इम्युनोफ्लुरोसन्सची सोयच नाही, तिथे कागदावर आयजीए नाहीच! आजार तिथेच असतो, फक्त मोजला जात नाही.

जपानमध्ये १९७४ पासून शाळेतल्या मुलांची लघवी दरवर्षी तपासतात. प्रोटीन किंवा रक्ताचा अंश दिसला की पुढची तपासणी, गरज वाटली तर बायोप्सी. तिथल्या यादीत आयजीए सगळ्यांत वर आहे. पूर्व आशियात तो मुळात जास्त आहे हे खरंच, पण तुम्ही धडधाकट दिसणाऱ्या मुलांची लघवी तपासणार असाल तर शांतपणे कुरतडणारे आजार तुम्हालाच आधी सापडणार. आमच्याकडे बाटली येते ती तोंड सुजलं, पाय सुजले, लघवीला फेस आला, आठ-पंधरा दिवस कुणाचा तरी काढा घेऊन झाला, त्यानंतर. साहजिकच आमच्या यादीत सूज आणणारे आजार वर.

आणि काहींची बाटली येतच नाही. माझे मामा शेतकरी. वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी उलट्या आणि धाप म्हणून दाखवलं, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, एरवी एकच्या आसपास) अकरा. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या. अशा किडनीत सुई घालत नाहीत, रक्तस्रावाचा धोका जास्त आणि आत उरलेला असतो नुसता व्रण. डॉक्टरांचा निर्णय बरोबर होता. पण फाइलवर कारण काय लिहिलं? बीपी. मामांचं बीपी त्या दिवसापर्यंत कुणी मोजलंच नव्हतं. किडनी खराब झाली की बीपी वाढतं आणि बीपी वाढलं की किडनी खराब होते. अकरा क्रिएटिनिनला आधी कोण आलं हे सांगणं म्हणजे अंदाजच. मामा तीन वर्षं डायलिसिसवर होते. नेमकं काय झालं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि मी रोज तेच काम करते.

२०१२ मध्ये भारतातल्या क्रॉनिक किडनी रुग्णांच्या नोंदवहीचा अहवाल आला, ५२ हजारांहून जास्त रुग्णांचा. मधुमेह ३१ टक्के, बीपी १३ टक्के, कारण अज्ञात १६ टक्के. हे ‘अज्ञात’वाले इतरांपेक्षा तरुण होते, गरीब होते आणि जास्त उशिरा आलेले होते. एकूण रुग्णांतले जवळजवळ निम्मे पहिल्यांदा दाखवले तेव्हाच शेवटच्या टप्प्यात होते. म्हणजे आमचे मामा एकटे नव्हते. त्या १३ टक्क्यांतले किती खरोखर बीपीचे आणि किती मामांसारखे, हे आता कुठलीही सुई सांगू शकत नाही.

शुगरचंही तसंच. शुगर आहे, लघवीत प्रोटीन आहे, म्हणजे शुगरनेच किडनी गेली, असं आपण धरून चालतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने मधुमेह असलेल्या ६२० जणांच्या बायोप्सी तपासल्या. त्यांत ३६ टक्के लोकांत मधुमेहाचा किडनीविकार नव्हताच, भलताच आजार होता. २७ टक्क्यांत दोन्ही. आता हा आकडा घेऊन कुणी ‘एक तृतीयांश डायबेटिसवाल्यांचं निदान चुकतं’ अशी पोस्ट टाकू नका. ज्यांच्याबद्दल डॉक्टरांना शंका आली त्यांचीच बायोप्सी झाली होती. पुन्हा तेच, सुई कुणाला टोचली?

मग बायोप्सीवरून लोकसंख्येबद्दल काहीच कळत नाही का? कळतं, आणि कधी कधी अंगावर काटा येईल इतकं कळतं.

डॅन्यूब नदीला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी, सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया, बल्गेरिया, रोमानियातल्या काही ठराविक खेड्यांत किडनीचा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या माणसं नेत होता. एका गावात घरंच्या घरं, शेजारच्या गावात कुणीच नाही. पाणी, जड धातू, विषाणू, बुरशी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९६९ मध्ये मिलेन्को इविच या सर्बियन डॉक्टरने सांगितलं होतं की गव्हाच्या शेतात वाढणाऱ्या एका तणाचं बी पिठात जातंय. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९९३ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी लिहिलं की बारीक होण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या तरुण बायकांच्या किडन्या झपाट्याने निकामी होताहेत. फांग जी नावाच्या वनस्पतीच्या जागी नावाला जवळची ग्वांग फांग जी गेली होती. या बायकांच्या बायोप्सीत जे दिसलं ते बाल्कन खेड्यांतल्या किडन्यांसारखंच. दाह फारसा नाही, पेशी विरळ, आणि नलिकांच्या मधल्या जागेत नुसता व्रणच व्रण. कुठे ब्रसेल्सचं स्लिमिंग क्लिनिक आणि कुठे डॅन्यूबकाठचा शेतकरी! दुवा होता अॅरिस्टोलोकिया. ग्वांग फांग जी त्याच जातीची, आणि इविचने सांगितलेलं तणही. २००७ मध्ये क्रोएशियातल्या रुग्णांच्या किडनीतल्या डीएनएवर त्या वनस्पतीतल्या विषाच्या खुणाही सापडल्या. माझ्यासारख्याच कुणीतरी ते काप कापले असतील, असं मला ही गोष्ट वाचताना दरवेळी वाटतं.

आपल्या जवळचं सांगते. केरळात कोट्टक्कलला डॉक्टरांना मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे, म्हणजे ग्लोमचा पडदा बिघडून लघवीतून प्रोटीन जाण्याच्या आजाराचे, २२ रुग्ण मिळाले. त्यातल्या १५ जणांच्या बायोप्सीत नेल-१ नावाचं प्रथिन सापडलं, जे एरवी क्वचित दिसतं. मग त्यांनी एकेकाला बसवून विचारलं. १५ पैकी १३ जण गोरं होण्याची क्रीम लावत होते. अशा क्रीममध्ये सापडतो तो पारा! आपल्या अकोल्यातही एकाच घरातल्या तिघींच्या, आई आणि दोन मुलींच्या, किडन्या अशाच क्रीमने बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये होती. नियमाने अशा क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा चालत नाही. बिनालेबलच्या डबीला कसला नियम? यात बरी गोष्ट एवढीच की वेळेत क्रीम बंद केली तर बहुतेकांच्या लघवीतलं प्रोटीन कमी होत जातं.

उद्या प्रत्येकाने बायोप्सी करा असं माझं म्हणणं अजिबात नाही. किडनी रक्ताने भरलेला अवयव आहे, सुईनंतर तासन्‌तास उताणं पडून राहावं लागतं, क्वचित रक्तस्राव थांबवायला धावपळ होते. पण डॉक्टर स्वतःहून सांगत असताना ‘बायोप्सी म्हणजे कॅन्सर’, ‘सुई लावली की पसरतं’ असं म्हणून पेशंटला घरी नेणारे नातेवाईक मी एकोणीस वर्षं ऐकतेय. किडनीच्या बायोप्सीचा कॅन्सरशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. आणि लघवीतलं प्रोटीन दाखवणारी पट्टी तर काही रुपयांची असते. ती वेळेवर बुडवली तरच सुई वेळेवर पोचते.

आमच्याकडे बायोप्सीबरोबर एक फॉर्म येतो. वय, क्रिएटिनिन, बीपी, शुगर, लघवीतलं प्रोटीन असे रकाने. अकोल्याची बातमी वाचल्यावर मी त्यावर पेनाने एक ओळ लिहून झेरॉक्स काढल्या, ‘क्रीम / काढा / भस्म / गोळ्या?’ आमचे सर आधी हसले, मग म्हणाले राहू दे. बहुतेक फॉर्मवर ती ओळ रिकामीच येते. गेल्या महिन्यात एक भरून आली. ‘क्रीम, पार्लरमधून, ८ महिने. धाकटी जाऊ पण लावते.’ मी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून म्हटलं, जावेचीही लघवी तपासायला सांगा. ते हो म्हणाले. अजून सॅम्पल आलेलं नाही.