सापडला हो तो मुलगा

मागच्या वर्षी एका रात्री अकराच्या सुमारास मला एक फोटो आला. पाच-सहा वर्षांचा मुलगा, निळा शर्ट, गालावर तीळ. खाली लिहिलेलं, 'आज दुपारपासून हरवला आहे, आईने अन्नपाणी सोडलंय, कृपया पुढे पाठवा.' खाली मोबाईल नंबर. मी तो चार ग्रुपवर टाकला. दहा सेकंदही लागले नसतील.

रात्रभर तो तीळ डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून सकाळी त्या नंबरवर फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी "तो मुलगा..." एवढंच म्हटलं आणि त्या म्हणाल्या, "सापडला हो तो मुलगा. त्याच दिवशी संध्याकाळी सापडला. तीन वर्षं झाली."

आवाजात राग नव्हता, थकवा होता. तीन वर्षं त्या अनोळखी माणसांना हेच सांगत होत्या. मागच्याच महिन्यात म्हणे कुणीतरी त्या पोराला रस्त्यात हाताला धरून थांबवलं होतं, हरवलेला मुलगा समजून. पोरगं घाबरून दोन दिवस घराबाहेर पडलं नाही.

असं पुन्हा झालं, तर त्या भीतीत माझे दहा सेकंदही असतील.

खोट्या गोष्टी पसरतात कशा, हा विषय निघाला की आपण एका दमात उत्तर देऊन टाकतो. लोक अडाणी आहेत, डोकं वापरत नाहीत. मीही हेच म्हणायचे. पण त्या रात्री मला कुणी विचारलं असतं, 'हा मेसेज आजचाच आहे कशावरून?' तर मी नक्की थांबले असते. मला तो प्रश्न पडलाच नाही. गॉर्डन पेनिकूक आणि डेव्हिड रँड या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत नेमकं हेच तपासलं, २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. 'हे खरं आहे का?' असं विचारलं तर लोकांना खरं-खोटं बऱ्यापैकी ओळखता येतं. पण 'हे पुढे पाठवाल का?' असं विचारलं की खरेपणाचा विचार मागे पडतो. लक्ष दुसरीकडेच असतं. माझं त्या आईकडे होतं.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळला मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. ज्या भागात हादरा जोरात बसला पण पडझड झाली नाही, तिथल्या या अफवा. आपला अंदाज असा की, वाचलेली माणसं स्वतःला धीर देणाऱ्या गोष्टी एकमेकांना सांगतील. झालं उलटंच. नेपाळकडून पुराचं पाणी येतंय, ग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार, प्रलय होणार. आधीच घाबरलेली माणसं एकमेकांना आणखी घाबरवत होती.

लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये याचा जो अर्थ लावला तो वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. छातीत धडधडतंय, पण आजूबाजूला बघावं तर सगळं जागच्या जागी. मग ही भीती कशाची? अफवा त्या भीतीला कारण पुरवते. याच्या उलट, दार्जिलिंगला दरड कोसळली तेव्हाच्या अफवा दुर्गानंद सिन्हा यांनी तपासल्या होत्या. तिथे नाश डोळ्यांसमोर होता, भीतीला वेगळं कारण लागत नव्हतं. आणि तिथे 'अजून मोठं संकट येणार' अशा अफवा उठल्याच नाहीत.

हे कळल्यापासून माझी बघण्याची दिशा बदलली. आपल्याला वाटतं, माणूस आधी खोटं ऐकतो, मग घाबरतो. कितीदा तरी माणूस आधीच घाबरलेला असतो, चिडलेला असतो, हतबल असतो, आणि त्या वाटण्याला साजेशी गोष्ट समोर आली की ती घट्ट धरतो.

अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरचंच बघा. १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांवरचा त्याचा शोधनिबंध छापून आला आणि गोवराच्या लशीचा संबंध ऑटिझमशी, म्हणजे स्वमग्नतेशी, जोडला गेला. २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला गेला, त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, संबंध सापडला नाही. तरी ती समजूत टिकून आहे. कारण ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या लक्षात येतात ते वय आणि या लशीचं वय जवळपास एकच. 'माझ्याच बाळाला का?' असं रात्रंदिवस विचारणाऱ्या आईबापांना विज्ञान म्हणतं, अजून पूर्ण कळलेलं नाही. वेकफिल्डने एक तारीख दिली, एक सुई दिली. मला त्याचा संताप येतो. त्या आईबापांचा येत नाही.

आणि एकच गोष्ट कानावर पुन्हा पुन्हा पडली की ती खरी वाटू लागते. १९७७ पासून हे प्रयोगांत दिसत आलंय. मला वाटायचं, माहिती असणारा यातून सुटत असेल. लिसा फॅझिओ आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या प्रयोगात एक वाक्य होतं: स्कॉटलंडचे लोक जो आखूड, चुण्यांचा घागरा घालतात त्याला साडी म्हणतात. (खरं नाव किल्ट.) अशी वाक्यं पुन्हा वाचायला मिळाली की ती जास्त खरी वाटू लागायची, आणि खरं उत्तर माहीत असणाऱ्यांचंही तेच व्हायचं. म्हणून 'आम्ही काही फसत नाही' असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते.

आता मावशीबद्दल. काकांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता तेव्हा ती ग्रुपवर रोज एक उपाय टाकायची. अमुक पानांचा रस, तमुक बाबांचं औषध. एकदा मी तिथेच, सगळ्यांसमोर लिहिलं, 'मावशी, हे साफ खोटं आहे, कृपया पसरवू नकोस.' सोबत दोन लिंका. वर कुणाकुणाचे अंगठेही आले. मावशीने त्यानंतर ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटलं, पटलं तिला.

काका गेल्यावर महिन्याभराने मी तिच्याकडे गेले. बोलता बोलता तिने फोन माझ्या हातात दिला. ते सगळे मेसेज तिने वेगळे जपून ठेवले होते, दीडशेच्या वर. त्यातला एकही उपाय तिने काकांवर केला नव्हता. मी विचारलं, "मग पाठवत का होतीस गं?"

ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, आता करण्यासारखं काही राहिलं नाही. रात्री ते कण्हत पडलेले असायचे आणि मी शेजारी बसलेली. हातात फोन. मग काय करायचं होतं मी, तूच सांग."