‘अ‍ॅरे पुन्हा क्रिएट करा, डेटा परत येतो’: हा सल्ला का पाळू नये

लिनक्स सर्व्हरचा रेड-5 अ‍ॅरे (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कचा गट) रीबूटनंतर उभा राहिला नाही की एक सल्ला हमखास फॉरवर्ड होऊन येतो. ‘घाबरू नका. एमडीएडीएमला त्याच डिस्क देऊन अ‍ॅरे पुन्हा क्रिएट करा, सोबत --अझ्युम-क्लीन लावा म्हणजे रीसिंक होणार नाही, मग एफएससीके -वाय चालवा. डेटा जसाच्या तसा मिळतो.’ (एमडीएडीएम हा असे गट बनवणारा आणि सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्राम; रीसिंक म्हणजे डिस्कवरचा मजकूर एकमेकांशी पुन्हा जुळवून लिहिणं; एफएससीके -वाय म्हणजे फाइल सिस्टिम तपासून प्रत्येक दुरुस्तीला आपोआप ‘हो’ म्हणणारी कमांड.) खाली दोघातिघांचं ‘आमच्याकडे चाललं’ असतंच. कधीकधी चालतं, हे खरं आहे. पण ज्याच्याकडे बॅकअप नाही त्याच्या हातात ही कमांड देणं म्हणजे उरलीसुरली शक्यताही घालवणं.

‘त्याच डिस्क दिल्या की तोच अ‍ॅरे होतो.’ नाही होत. कोणती डिस्क कितव्या जागेवर, चंक (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) किती, लेआउट (हे तुकडे डिस्कवर वाटण्याची पद्धत) कोणता, डेटा डिस्कवर नेमका कुठून सुरू होतो, शेवटचं लिखाण कधी झालं, हे सगळं प्रत्येक डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे अशा नोंदींसाठी राखलेल्या छोट्या भागात, असतं. या नोंदींच्या 1.2 फॉरमॅटमध्ये तो सुरुवातीपासून 4 केबीवर बसतो. क्रिएट हा सुपरब्लॉक वाचून जुळवत नाही, त्यावर नवा लिहितं, आणि तोही आज बसवलेल्या आवृत्तीच्या डिफॉल्टप्रमाणे. हे डिफॉल्ट बदलत आले आहेत. चंक पूर्वी 64 केबी होता, आता 512 केबी आहे. डेटाची सुरुवात जुन्या आवृत्त्यांत बहुधा 2048 सेक्टरवर, म्हणजे 1 एमबीवर असायची. नव्यांत मोठ्या डिस्कवर ती 262144 सेक्टर, म्हणजे 128 एमबीवर जाते. जुन्या सर्व्हरच्या डिस्क नव्या मशीनला लावून क्रिएट केलं, तर सगळं 127 एमबीने सरकतं. शिवाय डिस्कचा क्रम कमांडमध्ये जसा दिला तसा धरला जातो, आणि एसडीबी, एसडीसी ही नावं दर रीबूटला तीच राहतील याची खात्री नसते. ‘ही डिस्क आधीच एका अ‍ॅरेचा भाग दिसते’ असं एमडीएडीएम विचारतं, ते याचसाठी. सल्ला देणारे तिथे ‘वाय’ दाबायला सांगतात.

‘अझ्युम-क्लीन लावलं की धोका नाही.’ या पर्यायाने फक्त सुरुवातीचा रीसिंक टळतो. दिलेली माहिती बरोबर आहे का, हे तो तपासत नाही. खरा घोटाळा शिळ्या डिस्कने होतो. समजा, चार डिस्कचा अ‍ॅरे आहे आणि एमडीएडीएम --एक्झामिनमध्ये (डिस्कचा सुपरब्लॉक वाचून दाखवणारी कमांड) इव्हेंट्सचे, म्हणजे झालेल्या बदलांच्या मोजणीचे, आकडे 18234, 18234, 18231 आणि 15790 असे दिसतात. याचा अर्थ सरळ आहे. चौथी डिस्क बऱ्याच आधी बाहेर पडली होती आणि अ‍ॅरे तेव्हापासून तिच्याशिवाय चालू होता. अपडेट टाइमच्या ओळीत तारीखही दिसेल. तिसरी आत्ता पडली, म्हणून अ‍ॅरे बंद झाला. सल्ल्याप्रमाणे चारही डिस्क ‘क्लीन’ धरून क्रिएट केलं की चौथीवरचा जुना मजकूर ताजा म्हणून मिसळतो. डिरेक्टरी आजची, तिने दाखवलेला ब्लॉक गेल्या महिन्याचा. इथे एकच योग्य वाट आहे: चौथी बाजूला ठेवायची आणि पहिल्या तिघींवर --असेंबल --फोर्स चालवायचं. हा पर्याय जुने सुपरब्लॉक वापरतो, मागे राहिलेल्या डिस्कचा आकडा पुढे आणतो आणि क्रम स्वतःच लावतो. तीन इव्हेंट्सच्या फरकात शेवटचं थोडं लिखाण बिघडलेलं असू शकतं, बाकी शाबूत मिळतं.

‘एमडीस्टॅटमध्ये चारही यू दिसले, चेकमध्ये मिसमॅच शून्य आला, म्हणजे क्रम बरोबर.’ (एमडीस्टॅट डिस्कची अवस्था दाखवतं, ‘यू’ म्हणजे डिस्क चालू; चेक पॅरिटी जुळते का ते बघतो.) या मुद्द्यावर जाणकारही फसतात. रेड-5 ची पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा मजकूर पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) म्हणजे एक्सॉर, बिटांची एक प्रकारची बेरीज, आणि एक्सॉरला क्रमाशी देणंघेणं नसतं. चार डिस्क कशाही उलटसुलट लावा, पॅरिटी जुळणारच. माउंट झालं हाही पुरावा नव्हे. पहिली डिस्क जागेवर असेल तर एक्स्ट-4 या फाइल सिस्टिमचा स्वतःचा सुपरब्लॉक पहिल्याच चंकमध्ये सापडतो, आणि एका चंकमध्ये मावणाऱ्या छोट्या फाइल्स नीट उघडतातही. चार डिस्क आणि 512 केबी चंक असेल तर एका स्ट्राइपमध्ये (सगळ्या डिस्कवरच्या चंकच्या एका ओळीत) डेटा दीड एमबी असतो. म्हणून तपासायला कित्येक एमबीची झिप किंवा व्हिडिओ घ्या. झिपची सीआरसी (मजकूर शाबूत आहे का हे सांगणारा पडताळणीचा आकडा) पूर्ण जुळली तर क्रमावर भरवसा ठेवा.

‘मग एफएससीके -वाय मारा.’ क्रम चुकला असेल तर डेटा इथेच कायमचा जातो. फाइल सिस्टिम चुकीच्या नकाशातून वाचली जाते, एफएससीकेला सगळीकडे बिघाड दिसतो आणि ते आयनोड (कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदी) पुसत सुटतं. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमच्या एक्सएफएस-रिपेअरचा -एल हा पर्याय तर लॉगच (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) शून्य करतो. पाहायचंच तर दोन्हीकडे -एन (काही न बदलता फक्त तपास) लावून पाहा. नुसत्या रीड-ओन्ली माउंटवरही विसंबू नका, एक्स्ट-4 तसं करतानाही जर्नलमधलं राहिलेलं लिखाण डिस्कवर लिहून घेते. आरओ-सोबत नोलोड द्या, एक्सएफएसला नोरिकव्हरी.

करायचं काय? आधी अर्धवट उभा राहिलेला एमडी127 (त्या गटाला लिनक्सने दिलेलं नाव) --स्टॉपने थांबवा. प्रत्येक डिस्कचं --एक्झामिन आणि स्मार्टसीटीएलचा (डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम) अहवाल सिरीयल नंबरसकट दुसऱ्या मशीनवर जपून ठेवा. बाहेर फेकलेली डिस्क मेलेलीच असते असं नाही. अहवालात यूडीएमए सीआरसी एरर (डिस्क आणि मशीनमधल्या देवाणघेवाणीतल्या चुका) वाढले असतील तर केबल बघा. दोन-तीन एकदम पडल्या असतील तर पॉवर किंवा कंट्रोलर बघा. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिटभराहून जास्त झगडू शकतात, कर्नल 30 सेकंदांत कंटाळतो आणि चांगली डिस्कही बाहेर काढतो. जिथे चालतं तिथे एससीटी ईआरसी (डिस्कने खराब सेक्टरशी किती वेळ झगडावं याची मर्यादा) 70 ठेवा, म्हणजे 7 सेकंद. नाहीतर कर्नलचा टाइमआउट 180 सेकंद करा.

पेंडिंग (वाचता न आलेले) सेक्टर असलेली डिस्क डीडीरेस्क्यूने नव्या डिस्कवर उतरवा: आधी -एनने सोपं ते, मग -डी -आर3 ने उरलेलं, दोन्ही वेळा तीच मॅपफाइल (काय उतरलं, काय राहिलं याची नोंद). ती टाकू नका. जे सेक्टर आलेच नाहीत ते प्रतीवर बहुधा नुसते शून्य असतात आणि एमडीला ते कळत नाही. मग मूळ डिस्क आणि प्रती ब्लॉकडेव्ह --सेटआरओने बंद करून, वेगळ्या डिस्कवरच्या स्पार्स फाइल्स (लिहिलं तेवढीच जागा घेणाऱ्या) लूपला (फाइल डिस्कसारखी वापरू देणारी सोय) जोडा आणि डीएमसेटअपने प्रत्येकीवर स्नॅपशॉट चढवा. आता सगळं लिखाण त्या फाइल्समध्ये जाईल. फोर्स असेंबल, एफएससीके, हवं ते इथे करा. चुकलं तर स्नॅपशॉट फेकून नवा बनवा. फाइल ठेवलेली डिस्क भरू देऊ नका, भरली की स्नॅपशॉट बाद होतो.

क्रिएट आधीच झालं असेल तर अ‍ॅरे लगेच थांबवा आणि माउंट करून बघायचा मोह आवरा. जुने कर्नल लॉग शोधा, त्यात ‘डिव्हाइस एसडीसी1 ऑपरेशनल अ‍ॅज रेड डिस्क 1’ अशा ओळी असतात. त्यांतून क्रम मिळतो. चंक, डेटा ऑफसेट आणि मेटाडेटाची आवृत्ती जुन्या एक्झामिनमधून किंवा तेव्हाच्या एमडीएडीएमच्या डिफॉल्टवरून ठरवा. मग स्नॅपशॉटवरच, शिळ्या डिस्कच्या जागी ‘मिसिंग’ लिहून, --डेटा-ऑफसेट आणि --चंक स्पष्ट देऊन क्रिएट करा. लॉग मिळाले नाहीत, तरी चार डिस्कचे क्रम 24 च होतात. एका स्क्रिप्टने ते सगळे एफएससीके -एनमधून काढा, सर्वांत कमी चुका देणारा निवडा आणि मोठी झिप उघडून बघा.